डावीकडच्या सीटवरची मंजुरी

मी गाडी शिकले ती हौसेनं नाही. ज्या वयात शाळेतल्या इतर बाया निवृत्तीनंतर काय करायचं याच्या गप्पा मारायच्या, त्या वयात मी क्लच दाबायला शिकले, आणि दाबून दाबून डावा गुडघा कायमचा धरून बसला. लोक म्हणायचे, बाईंनी या वयात कमाल केली. कमाल वगैरे काही नव्हती. दुसरा इलाज नव्हता.

आमचं गाव तलमडुगु मंडलातलं, मंडल म्हणजे तिकडचा तालुका, आदिलाबादच्या पुढं, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. तेव्हा आम्ही आंध्र प्रदेशात होतो. बसच्या पाटीवर तेलुगू, कचेरीतल्या जुन्या माणसांच्या तोंडी उर्दू, बाजारात हिंदी आणि घरात आमची मराठी, असा सगळा कारभार. मी गावच्या शाळेत शिकवायचे. आमचे हे मंडल कचेरीत कारकून होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. गाडी त्यांची. जुनी, पांढरी, दुसऱ्यानं वापरून झालेली, पण यांनी ती फार जपली होती. लग्न असो, मयत असो, बुद्धजयंतीला आदिलाबादला जायचं असो, चालवायचे हे आणि मी डावीकडं बसून डुलक्या काढायचे. गाडीत बसणं म्हणजे थोडी झोप, एवढंच मला गाडीबद्दल ठाऊक होतं.

मग साखरेनं यांच्या डोळ्यांचा आतला पडदा खराब केला. आदिलाबादच्या डॉक्टरांनी बुबुळात उजेड मारून बघितलं आणि सरळ सांगितलं, की लेझर करत राहू, पण गेलेली नजर परत येणार नाही आणि गाडी आजपासून बंद.  यांनी घरी कशी आणली गाडी कोण जाणे. अंगणात लावली, किल्ली आत आणून देवळीत बाबासाहेबांच्या फोटोपुढं ठेवली आणि पाय धुवायला गेले.

मुलाचा फोन त्याच आठवड्यात आला. तो हैद्राबादला नोकरीला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला राग आला.

"आई, बाबाले दर पंधरा दिवसाले दवाखान्यात कोण नेईन? बस सकाळी एक येते, तीबी भरून. ऑटोत माणसं कोंबतात. तुमी इकडंच या. घर काढून टाका."

"घर काढाचं नाही," मी म्हटलं.

"मंग तू गाडी शिक," तो म्हणाला. थट्टेनंच म्हणाला. "तुले गाडी येऊ दे, मी पुन्हा या म्हणणार नाही."

घर म्हणजे काही मोठं नव्हे. तीन खोल्या, वर स्लॅब, मागं लिंबाचं झाड आणि एक हापसा. पण आमच्या दोघांच्याही घरी त्याआधी कुणी विटेची भिंत बांधली नव्हती. सासूबाईंनी आयुष्य दुसऱ्यांच्या शेतात काढलं आणि शेवटची वर्षं या स्लॅबखाली झोपल्या. पावसाळ्यात वर बघून म्हणायच्या, आता गळत नाही तर झोपच येत नाही. ते घर विकून मी हैद्राबादच्या चौथ्या मजल्यावर जाऊन बसू? मी देवळीतली किल्ली उचलली.

आदिलाबादच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी एकटीच बाई होते आणि शिकवणारा पोरगा माझ्या मुलाहून लहान. तो तेलुगूत सुरू करायचा, मी गोंधळले की हिंदीवर यायचा. "मेल्लगा, मेडम, मेल्लगा," हे त्याचं पालुपद. मेल्लगा म्हणजे सावकाश. मी सावकाशच होते. मागून येणारे सायकलवाले मला मागं टाकून जात. पुढं परीक्षा झाली. आरटीओच्या साहेबांनी एक वळण घ्यायला लावलं, गाडी मागं घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावली. गाडी एकदा बंद पडली, पण मागं घसरली नाही. लायसन्स मिळालं. त्यावरच्या फोटोत मी कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते, आणि खरं तर होतेच चिडलेली.

नवीन लायसन्सवाल्यांना मी एकच सांगत आले आहे. ते कार्ड हातात येतं त्या दिवशी तुम्हाला काही म्हणजे काही येत नसतं. फक्त सरकारची हरकत नसते.

खरी शाळा त्यानंतर सुरू झाली. डावीकडच्या सीटवर हे. मी आयुष्यभर वर्गात इतरांना शिकवलं, आणि आता मला शिकवणारा माझाच नवरा, तोही कचेरीतला. यांची बोलायची तऱ्हा जन्मभर कचेरीचीच राहिली. घरात भाजी कोणती करायची इथपासून सगळ्याला मंजूर किंवा नामंजूर. गाडीतही तेच. पुढं बैलगाडी असली, मी ओलांडायला बघत असले, की डावीकडून शिक्का पडायचा.

"नामंजूर. समोरून ट्रक येऊन राह्यला." मग थोड्या वेळानं, "आता मंजूर. घे."

बोलता बोलता ते उजवा पाय खाली दाबायचे. तिथं ब्रेक नव्हता, नुसती रबरी चटई होती. पण प्रत्येक वळणाला, प्रत्येक कुत्र्याला तो पाय दाबला जायचाच. थोड्याच महिन्यांत चटईला तिथं खळगा पडला.

त्यांचं शिकवणं मला तेव्हा जाच वाटायचं. आज विचार करते तेव्हा वाटतं, बहुतेक खरंच होतं. आरशात बघितल्याशिवाय बाजूला व्हायचं नाही. "आरसा तोंड पाहासाठी नाही, मागचं पाहासाठी हाय." कापसाच्या गाडीमागं चिकटून जायचं नाही. आमच्याकडं हंगामात कापसाचे बोरे गाडीच्या बाहेर इतके लोंबतात की पुढचा रस्ता दिसतच नाही. आणि दिसत नसेल तर मागं राहायचं, यात कसला अपमान? वळणावर हॉर्न द्यायचा, पण उगाच देत सुटायचं नाही. पाऊस पडून गेला की पहिल्या उन्हात डांबरावर तेल तरंगतं, तेव्हा ब्रेक हलका मारायचा.

उताराचं तर त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की माझे कान किटले. उमेदीत त्यांची बदली काही वर्षं उटनूरला होती. तिथल्या जंगलातल्या उतारांवर लोक पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडून द्यायचे. "वाचते काय, वाटीभर पेट्रोल. आन् ब्रेक तापला का मंग धरतच नाही. उतारावर गाडी गिअरमधेच पाह्यजे. जेवढी उताराची ओढ, तेवढा खालचा गिअर." आमच्या रस्त्यावर उतार असा एकच, गावाजवळच्या पुलाचा. तिथंही ते आधीच सांगायचे, "पूल येऊन राह्यला, गिअर कमी कर."

मीही एक नियम लावला. पट्टा बांधल्याशिवाय गाडी हलायची नाही. यांना पट्टा पोटाला काचायचा. पहिले काही दिवस नुसता अंगावर ओढून धरायचे, न लावता. मी इंजिन बंद करून बसून राहायचे. मी शिक्षिका, मला वाट बघता येते. शेवटी खट्ट आवाज यायचा आणि मग आम्ही निघायचो.

शाळा, स्वयंपाक, यांना सकाळ-संध्याकाळ सुई टोचणं, पंधरा दिवसांनी आदिलाबाद. जाताना रांग लागू नये म्हणून पहाटेची घाई, येताना ऊन. मी दमायचे. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मुलानं दुसऱ्या दिवशी ट्रक पाठवला असता सामान न्यायला. झोप आली तर गाडी कडेला घे आणि डोळे मीट, हाही यांचाच नियम. पण रोजच्या दमण्याला कोणती कडा असते? ते डोळे मिटून जात नाही.

गावानं माझ्या गाडीची पहिल्यांदा मजा घेतली. मग ज्वारी निघाली आणि गावाला माझी किंमत कळली.

आमच्याकडं हिवाळा सरता सरता ज्वारीची कणसं डांबरी रस्त्यावर पसरतात. खळं सारवायचं, बैल फिरवायचे, तेवढा वेळ आणि बैल आता कुणाकडं आहेत? रस्ता कठीण, तापलेला आणि फुकट. वाहनं वरून जातात, दाणे मोकळे होतात, मग बाया झाडून घेतात, उपणतात आणि पोती भरतात. ढिगाच्या कडेनं धोंडे मांडतात, म्हणजे वाहन कणसांवरूनच जाईल. ज्वारी उचलतात, धोंडे तिथंच विसरतात. नवीन ड्रायव्हरनं या भागात आधी ते धोंडे ओळखायला शिकावं. एकदा माझ्या गाडीच्या पोटाला असा लागला की आदिलाबादपर्यंत तेल गळत गेलं.

पहिली हाक मारली ती आमच्या पलीकडच्या शेतवालीनं. नवरा गेलेला, एकटी शेत बघायची, लाल सोडून दुसऱ्या लुगड्यात मी तिला कधी पाहिलं नाही. रस्त्यात उभी राहून हात केला.

"बाई, जाता जाता आमच्या कणसांवरून घ्या ना. बसनं दाणा उडते, ट्रॅक्टरनं फुटते. तुमची गाडी बरी, हलकी हाय. अन् तुमी हळूबी चालवता."

हे कौतुक होतं की टोमणा, मी विचारलं नाही. घेतली कणसांवरून. खाली कुरकुर आवाज येत होता. "अजून एकडाव, माघं घेऊन," ती म्हणाली. मागं घेतली. मला मागं नीट घेता येत नव्हतं ते त्या हंगामात आलं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्या पोरानं जे शिकवलं नाही ते ज्वारीनं शिकवलं. मग दुसरीनं हाक मारली, मग तिसरीनं. शाळा सुटल्यावर यांना डावीकडं बसवून मी निघायचे ती मळणी करायलाच.

हे डावीकडून सूचना द्यायचेच. "कडब्यावर टायर रस्ता धरत नाही. ढिगाच्या आधीच हळू कर, खालच्या गिअरमधे टाक, आन् मंग ब्रेकले पायच लावू नको. धूर-धूर वास आला का थांब. सायलेंसरले कडबा गुंडाळला तर गाडी पेट घेते." एकदा खरंच वास आला. मी थांबले आणि दोन बायांनी खाली वाकून मूठभर काळा कडबा ओढून काढला.

शेतवालीनं ज्वारी झाली तेव्हा सूपभर दाणे आणून दिले. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "घ्या, गाडीचा वाटा हाय." खळ्यावर राबणाऱ्याला वाटा द्यायची रीतच होती. सासूबाईंना असाच वाटा मिळायचा, लोकांच्या खळ्यात दिवस दिवस वाकून. मी ते सूप घरात नेलं आणि यांच्या हातात दिलं. त्यांनी दाण्यांत बोटं फिरवली आणि बराच वेळ काढली नाहीत.

"मायीले सांगाले पाह्यजे होतं," ते म्हणाले. "सून चारचाकीनं मळणी करून राह्यली म्हून."

ते वर्ष असं निभावलं. पुढच्या हंगामापर्यंत मी बरी चालवायला लागले होते. मुलगा फोनवर घराचा विषय काढत नव्हता. मला वाटायला लागलं, निघतील अशीच आणखी काही वर्षं.

आणि मग ती संध्याकाळ.

त्या दिवशी शाळेत तपासणी होती. ती आटोपून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून यांना आदिलाबादला नेलं. लेझर झालं. बाकावर बसून बसून माझी कंबर भरून आली होती. परत निघालो तेव्हा ऊन कललेलं होतं. गावाकडं येताना संध्याकाळचं ऊन सरळ काचेवर येतं. काचेवर धूळ, त्यावर ऊन, समोर सगळं पिवळं पिवळं. हात कपाळावर धरावा तर स्टिअरिंगवर एकच हात राहतो. पूल गेला. पुढं कणसं पसरलेली दिसली, म्हणजे काळसर पट्टा दिसला रस्त्यावर, त्यापलीकडं नुसता उजेड.

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी थांबले असते. ऊन डोळ्यांवर असेल तर आधी वेग कमी, हे मला पाठ होतं. पण घर समोर होतं, पाय दुखत होते आणि मला फक्त पोचायचं होतं. मी विचारलं,

"अवो, समोर काही हाय का? मले ऊन लागून राह्यलं."

"मंजूर," हे म्हणाले. "घे."

मी घेतली. कणसांवर चढले आणि उजेडातून लाल लुगडं दिसलं. शेतवाली माझ्याकडं पाठ करून, वाकून, रस्ता झाडत होती. मी ब्रेक मारला. कणसांवर ब्रेक मारायचा नाही हे वर्षभर ऐकून ऐकून मी ब्रेकच मारला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. ती कडब्यावरून तशीच पुढं सरकत गेली, आवाज न करता. माझ्या हातात काही उरलं नव्हतं. मी ओरडलेसुद्धा नाही. हॉर्नचं सुचलंच नाही.

गाडी थांबली तेव्हा तिचं लुगडं आणि माझं बॉनेट यांत एक सूप मावलं असतं, जास्त नाही.

ती वळली. गाडी ओळखून हसली. तिला काही कळलंच नव्हतं. तिला वाटलं, बाई मळणीला आल्या.

"आज लई जवळून घेतली, बाई. जरा माघं घ्या, ह्या अंगाचे कणसं राह्यलेच."

तिचा आवाज बॉनेटच्या अगदी पुढून आला. हे ताठ झाले. त्यांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली, मग माझ्याकडं, मग पुन्हा समोर. त्यांचा उजवा पाय चटईवर दाबलेला होता. तो त्यांनी हळूच उचलून मागं घेतला.

मी गाडी मागं घेतली. तिच्या त्या अंगाच्या कणसांवरूनही घेतली, दोनदा, कारण नाही म्हणायला तोंडात थुंकी नव्हती. मग घरी आलो.

घरी दिवा लावला, यांना सुई टोचली, भाकरी टाकल्या. जेवताना विचारलं. मला वाट बघता येते, पण त्या दिवशी आली नाही.

"लाल लुगडं होतं अंगावर. तुमाले लाल रंगबी दिसला नाही?"

ते भाकरीचा तुकडा मोडत राहिले.

"नाही."

"कवापासून?"

"उजेडात तर गेल्या पावसापासूनच. घरात जमते थोडंफार. सावल्या दिसतात."

"अन् ते पूल आला, गिअर कमी कर?"

"रस्ता पाठ हाय मले. पुलाआधी तीन धक्के बसतात."

मला हसू आलं नाही, राग आला. एवढा राग मला लग्नानंतर कधी आला नव्हता. मी म्हटलं, "मंग रोज मंजूर, नामंजूर कशावर म्हणून राह्यले होते? ट्रक येऊन राह्यला, बैलगाडी हाय, हे काय मनानं?"

 

"ट्रकचा आवाज येते," ते म्हणाले. "बाकीचं तुह्यावरून. तू पाय उचलला का गाडी सांगते. तवा मी नामंजूर म्हणो. तू दाबली का मंजूर. तू आधीच ठरवलेलं राहे. मी नुसती सही करो."

"काऊन पण?"

"सांगितलं असतं तर पोरानं उद्याच नेलं असतं."

मी ताट घेऊन उठले. हापशावर भांडी घासताना ते हळूहळू माझ्या लक्षात आलं. इतके महिने मला वाटत होतं की दोघांच्या डोळ्यांनी गाडी चालते, आणि चालवत होते मी एकटीच. एकही अपघात झाला नाही तो माझ्याच डोळ्यांमुळं. आणि ज्या एका वेळी मी माझे डोळे बाजूला ठेवून दुसऱ्याला विचारलं, त्या वेळी ती बाई वाचली ती नशिबानं. मला आनंद व्हायला हवा होता की मला गाडी येते. मला रडू आलं. मी तिथंच बसून रडले, नळाखाली हात धरल्यासारखे हात पुढं धरून.

त्यानंतर गाडीत ते मंजूर म्हणाले नाहीत. नामंजूरही नाही. पहिल्या खेपेला आदिलाबादपर्यंत गाडीत नुसता इंजिनचा आवाज. वर्षभर ज्या बडबडीनं माझं डोकं उठलं होतं ती बंद झाली आणि मला एकटं एकटं वाटायला लागलं. परत येताना मीच बोलायला लागले.

"आता कापूस वेचून राह्यले डाव्या अंगाला. चारजणी. समोर बैलगाडी. थांबते जराशी. आता मोकळं. घेते."

ते ऐकत बसले. पुढच्या खेपेला विचारायला लागले, पळसाला फुलं आली का, चौकातलं दुकान उघडं आहे का. मी सगळं सांगायचे. गाडी चालवताना बोलू नये म्हणतात, लक्ष जातं. माझं उलट झालं. सांगायचं म्हणून मी पहिल्यांदा नीट बघायला लागले. त्यांचा पाय चटईवर दाबला जायचा तो आता माझ्या सांगण्यावर.

तरी मी दमतच गेले. हे कुणाला पटत नाही. गाडी येत होती, रस्ता पाठ होता, गावानं मला मळणीवाली म्हणून स्वीकारलं होतं, मग काय अडलं? काही अडलं नाही. फक्त एके दिवशी पुलाजवळ येताना माझ्या डोळ्यांपुढून काही क्षण निघून गेले. झोप नव्हती, जागही नव्हती. तीन धक्के बसले तेव्हा कळलं की पूल आला. म्हणजे मीही आता धक्क्यांवर चालवत होते.

गाडी कडेला घेतली. पुढं ज्वारीचे ढीग होते, बाया होत्या. मी इंजिन बंद केलं.

"काय हाय समोर?" यांनी विचारलं.

"काही नाही. मी दमले," मी म्हटलं. "नुसती आजची नाही. अवो, मले आता होत नाही."

नियम त्यांचाच होता. दमलेल्यानं थांबायचं. त्यांनी पट्टा सोडला. मग म्हणाले, "सगळ्याइची ज्वारी निघाली का?"

"निघत आली."

"मंग पोराले फोन कर."

मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, आणि घर शाळेतल्या एका नव्या मास्तरानं घेतलं. लिंबाच्या झाडाला पाणी घाल, एवढं मी त्याला सांगितलं. गाडी आदिलाबादलाच विकली. विकण्याआधी मी ती धुतली, आणि डावीकडची चटई काढून बाजूला ठेवली. घेणाऱ्यानं विचारलं, ही का नाही? मी म्हटलं, फाटलेली आहे.

हैद्राबादला मुलगा आम्हाला दवाखान्यात न्यायचा. त्याची गाडी मोठी, थंडगार, आत बाहेरचा आवाज येतो तो कुठून तरी लांबून आल्यासारखा. आम्ही दोघं मागं. मी कुठं बसायचं हे आता कुणी विचारत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटायचं.

एकदा संध्याकाळी परत येत होतो. एका मोठ्या पुलावर गाडी येऊन थांबली ती थांबलीच. पुढं नजर जाईल तिथवर गाड्यांचे लाल दिवे. मागून, बाजूनं हॉर्न. हे मान टेकून बसले होते. चष्म्याआड डोळे उघडे होते, पण आता घरातल्या सावल्याही राहिल्या नव्हत्या.

"कुठी आलो?" त्यांनी विचारलं.

मला त्या पुलाचं नाव माहीत नव्हतं. वर्ष झालं होतं, एकाही रस्त्याचं नाव मला येत नव्हतं. समोर बघितलं, आणि तोंडातून निघून गेलं.

"आपला पूल गेला. डाव्या अंगाला कापूस हाय. पुढं कणसं टाकलेले दिसून राह्यले."

मुलानं आरशातून माझ्याकडं बघितलं. 

"समोर कोणी हाय का?" यांनी विचारलं.

चहूकडून हॉर्न वाजत होते.

"कोणी नाही. रिकामं हाय."

ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग चेहऱ्यावर हसू आलं, ते कचेरीतलं, जुनं.

"मंजूर," ते म्हणाले. "घे."

मी खाली बघितलं. त्यांचा उजवा पाय चटईवर घट्ट दाबलेला होता.